चाइल्ड टॅक्स क्रेडिट (अमेरिका)

चाइल्ड टॅक्स क्रेडिट (बालक कर क्रेडिट) ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या संघीय आयकर कायद्यातील, मुले असलेल्या कुटुंबांसाठीची कर सवलत आहे. अंतर्गत महसूल संहितेच्या कलम २४ मध्ये तिची तरतूद असून अंमलबजावणी अंतर्गत महसूल सेवा (आयआरएस) हा विभाग करतो. १९९७ च्या करदाता दिलासा कायद्याने ही सवलत निर्माण झाली आणि १९९८ च्या करवर्षापासून ती लागू झाली. २०२५ च्या करवर्षासाठी १७ वर्षांखालील प्रत्येक पात्र मुलामागे कमाल २,२०० डॉलर इतकी सवलत मिळते. त्यांपैकी कमाल १,७०० डॉलर कर देय नसतानाही परताव्याच्या रूपाने मिळू शकतात.

या सवलतीची पात्रता मूल आणि करदाता अशा दोन्ही बाजूंनी तपासली जाते. मुलाचे वय, नाते, वास्तव्य व नागरिकत्व यांच्या अटी पूर्ण झाल्या तरी प्रत्यक्ष मिळणारी रक्कम पालकांच्या अर्जित उत्पन्नावर आणि कागदपत्रांवर ठरते. त्यामुळे अत्यल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना पूर्ण रकमेपेक्षा कमी रक्कम मिळते आणि काहीच अर्जित उत्पन्न नसलेल्या कुटुंबांना सहसा काहीच मिळत नाही. या सवलतीविषयीच्या सार्वजनिक चर्चेचा हाच केंद्रबिंदू राहिला आहे.

## संकल्पना

कर वजावट आणि कर क्रेडिट या दोन भिन्न बाबी आहेत. वजावटीमुळे करपात्र उत्पन्न कमी होते, तर क्रेडिटमुळे आकारलेला कर थेट कमी होतो. १,००० डॉलरच्या वजावटीमुळे १० टक्के दराच्या टप्प्यातील करदात्याचे १०० डॉलर वाचतात. १,००० डॉलरच्या क्रेडिटमुळे मात्र पूर्ण १,००० डॉलर वाचतात.

क्रेडिटचेही दोन प्रकार आहेत. अपरतावायोग्य क्रेडिट कर शून्यापर्यंत आणते व तेथेच थांबते. भारतातील १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८७अ खालील सूट याच स्वरूपाची होती. परतावायोग्य क्रेडिटमध्ये कर शून्य झाल्यावर उरलेली रक्कम शासन करदात्याला देते. चाइल्ड टॅक्स क्रेडिट अंशतः परतावायोग्य आहे. त्याच्या परतावायोग्य भागाला 'अतिरिक्त चाइल्ड टॅक्स क्रेडिट' असे नाव आहे.

## पात्र मूल

करदात्याला सवलत मिळण्यासाठी मुलाने पुढील सर्व अटी पूर्ण कराव्या लागतात:

* वय: करवर्षाच्या अखेरीस, म्हणजे ३१ डिसेंबर रोजी, मूल १७ वर्षांखालील असावे. वर्षाच्या शेवटच्या दिवशी जन्मलेल्या बाळासाठीही त्या वर्षाची पूर्ण सवलत मिळते. याउलट डिसेंबरमध्ये १७ वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलासाठी त्या संपूर्ण वर्षाची सवलत जाते. अपंगत्व असलेल्या मुलांनाही वयाच्या अटीतून सूट नाही.
* नाते: मूल करदात्याचा मुलगा, मुलगी, सावत्र मूल, दत्तक मूल, भाऊ, बहीण, सावत्र किंवा सापत्न भावंड अथवा यांपैकी कोणाचेही अपत्य (नातवंड, भाचा, पुतणी इ.) असावे. न्यायालयाने किंवा अधिकृत संस्थेने संगोपनासाठी सोपवलेले मूलही पात्र ठरते. केवळ घरी सांभाळलेले, परंतु वरीलपैकी नाते नसलेले मूल पात्र ठरत नाही.
* वास्तव्य: मूल वर्षातील निम्म्याहून अधिक काळ करदात्यासोबत राहिलेले असावे. शिक्षण, आजारपण, सुट्टी किंवा लष्करी सेवा यांमुळे झालेली तात्पुरती अनुपस्थिती वास्तव्यातच धरली जाते. वर्षभरात जन्मलेल्या किंवा मृत्यू पावलेल्या मुलासाठी स्वतंत्र नियम असून त्याच्या हयातीच्या निम्म्याहून अधिक काळ ते करदात्याच्या घरी असणे पुरेसे मानले जाते.
* निर्वाह: मुलाने स्वतःच्या निर्वाहाचा निम्म्याहून अधिक खर्च स्वतः केलेला नसावा.
* अवलंबित्व: करदात्याने विवरणपत्रात मुलाला अवलंबित म्हणून दाखवलेले असावे.
* संयुक्त विवरणपत्र: विवाहित असल्यास मुलाने जोडीदारासह संयुक्त विवरणपत्र भरलेले नसावे. केवळ कापलेला कर परत मिळवण्यासाठी भरलेले विवरणपत्र याला अपवाद आहे.
* नागरिकत्व: मूल अमेरिकेचे नागरिक, राष्ट्रीय (उदा. अमेरिकन सामोआ येथे जन्मलेले) किंवा करविषयक व्याख्येनुसार निवासी असावे.
* ओळख क्रमांक: मुलाकडे नोकरीसाठी ग्राह्य असलेला सोशल सिक्युरिटी क्रमांक असावा आणि तो विवरणपत्र भरण्याच्या अंतिम मुदतीपूर्वी (मुदतवाढ धरून) दिलेला असावा.

एकाच मुलासाठी एका वर्षात एकाच विवरणपत्रात दावा करता येतो. अनेक व्यक्ती दावा करू शकत असल्यास प्राधान्याचे नियम लागू होतात. त्यानुसार पालकाला इतरांपेक्षा प्राधान्य मिळते. संयुक्त विवरणपत्र न भरणाऱ्या दोन पालकांपैकी ज्याच्याकडे मूल अधिक काळ राहिले त्याला आणि काळ समान असल्यास अधिक समायोजित स्थूल उत्पन्न असलेल्या पालकाला हक्क मिळतो.

## करदात्याची पात्रता

### ओळख क्रमांक

२०२४ च्या करवर्षापर्यंत मुलाकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक असणे आवश्यक होते. पालकाने वैयक्तिक करदाता ओळख क्रमांकावर (आयटिन) विवरणपत्र भरले तरी चालत असे. ४ जुलै २०२५ रोजी संमत झालेल्या 'वन बिग ब्युटिफुल बिल अ‍ॅक्ट' या कायद्याने ही स्थिती बदलली. २०२५ च्या करवर्षापासून करदात्याकडेही नोकरीसाठी ग्राह्य सोशल सिक्युरिटी क्रमांक असावा लागतो. संयुक्त विवरणपत्रात पती-पत्नींपैकी किमान एकाकडे तो असणे पुरेसे आहे. परिणामी दोन्ही पालकांकडे केवळ आयटिन असल्यास त्यांचे मूल अमेरिकेचे नागरिक असूनही ही सवलत मिळत नाही.

### उत्पन्नाची वरची मर्यादा

संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्याचे सुधारित समायोजित स्थूल उत्पन्न ४,००,००० डॉलरपर्यंत आणि इतर करदात्यांचे २,००,००० डॉलरपर्यंत असल्यास पूर्ण सवलत लागू होते. त्यावरील प्रत्येक १,००० डॉलरमागे (किंवा त्याच्या भागामागे) सवलत ५० डॉलरने घटते. उदाहरणार्थ, एक मूल असलेल्या एकल पालकाचे उत्पन्न २,१०,००० डॉलर असल्यास सवलतीतून ५०० डॉलर वजा होऊन १,७०० डॉलर उरतात. या मर्यादा महागाईशी जोडलेल्या नाहीत.

### अर्जित उत्पन्नाची खालची मर्यादा

कर देय असलेल्या कुटुंबाची सवलत प्रथम त्या करातून वळती होते. उरलेल्या सवलतीचा परतावा मिळण्यासाठी मात्र २,५०० डॉलरपेक्षा अधिक अर्जित उत्पन्न असावे लागते. वेतन, मजुरी, बक्षिसी आणि स्वयंरोजगारातील निव्वळ नफा हे अर्जित उत्पन्न होय. निवृत्तिवेतन, सोशल सिक्युरिटी लाभ, बेकारी भत्ता, व्याज, लाभांश आणि मुलांसाठी मिळणारी पोटगी यांचा त्यात समावेश होत नाही.

## रकमेची गणना

परतावायोग्य भाग २,५०० डॉलरवरील अर्जित उत्पन्नाच्या १५ टक्के इतका असतो. २०२५ साठी प्रत्येक मुलामागे १,७०० डॉलर ही त्याची कमाल मर्यादा आहे. तीन किंवा अधिक मुले असलेल्या कुटुंबांना पर्यायी सूत्र उपलब्ध असून त्यात भरलेला सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर कर विचारात घेतला जातो. दोहोंपैकी अधिक लाभदायक सूत्र वापरता येते.

२०२५ च्या नियमांनुसार काही काल्पनिक उदाहरणे पुढीलप्रमाणे आहेत:

* किमान वेतनावरील एकल माता, दोन मुले: संघीय किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. आठवड्याला ४० तास व वर्षातील ५२ आठवडे काम केल्यास वार्षिक वेतन १५,०८० डॉलर होते. या उत्पन्नावर आयकर शून्य असतो. परतावा (१५,०८० − २,५००) च्या १५ टक्के, म्हणजे १,८८७ डॉलर मिळतो. दोन मुलांची पूर्ण सवलत ४,४०० डॉलर आहे. म्हणजेच पूर्णवेळ काम करूनही या मातेला निम्म्याहून कमी रक्कम मिळते.
* तेच कुटुंब, उत्पन्न ३३,६२५ डॉलर: कुटुंबप्रमुख या वर्गासाठी २०२५ ची प्रमाणित वजावट २३,६२५ डॉलर आहे. उरलेल्या १०,००० डॉलरवर १,००० डॉलर कर लागतो व तो क्रेडिटमधून भागतो. उर्वरित ३,४०० डॉलर परतावा मिळतो. दोन मुलांच्या एकल पालकाला पूर्ण ४,४०० डॉलर मिळू लागण्याची ही पातळी आहे.
* दांपत्य, दोन मुले, उत्पन्न ३,९०,००० डॉलर: उत्पन्न वरच्या मर्यादेच्या आत असल्याने पूर्ण ४,४०० डॉलरचा लाभ मिळतो.
* नातवाला सांभाळणारी आजी, उत्पन्न केवळ सोशल सिक्युरिटी: नातू सर्व अटी पूर्ण करतो. तथापि आजीचे अर्जित उत्पन्न शून्य असल्याने आणि कर देय नसल्याने सवलत शून्य ठरते.

## विशेष परिस्थिती

### विभक्त पालक

घटस्फोटित किंवा विभक्त पालकांच्या बाबतीत वर्षातील अधिक रात्री मूल ज्याच्याकडे राहते तो 'ताबाधारक पालक' मानला जातो व सवलत त्याला मिळते. ताबाधारक पालक नमुना ८३३२ वर स्वाक्षरी करून हा हक्क दुसऱ्या पालकास देऊ शकतो. न्यायालयाच्या आदेशात वा करारनाम्यात तसे नमूद असल्यास अनेक दांपत्ये वर्षाआड पद्धतीने दावा करतात. या नमुन्याने केवळ चाइल्ड टॅक्स क्रेडिटचा हक्क हस्तांतरित होतो. अर्जित उत्पन्न कर क्रेडिट आणि कुटुंबप्रमुख हा विवरणपत्राचा दर्जा ताबाधारक पालकाकडेच राहतो.

### परदेशी उत्पन्न

परदेशात राहून नमुना २५५५ द्वारे परदेशी उत्पन्न करमुक्त करून घेणाऱ्या अमेरिकन नागरिकांना परतावायोग्य भाग मिळत नाही.

### प्यूर्टो रिको

प्यूर्टो रिकोमधील रहिवाशांना २०२१ पूर्वी तीन किंवा अधिक मुले असल्यासच परतावा मिळत असे. २०२१ च्या कायद्याने एक वा दोन मुले असलेल्या कुटुंबांनाही कायमस्वरूपी पात्र केले.

## इतर अवलंबितांसाठीचे क्रेडिट

चाइल्ड टॅक्स क्रेडिटच्या अटी पूर्ण न करणाऱ्या अवलंबितांसाठी ५०० डॉलरपर्यंतचे अपरतावायोग्य क्रेडिट २०१८ पासून उपलब्ध आहे. १७ वर्षांची मुले, महाविद्यालयात शिकणारी अवलंबित मुले, सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेली निवासी मुले आणि करदात्यावर अवलंबून असलेले आईवडील यांच्यासाठी ते घेता येते. अवलंबित व्यक्ती अमेरिकेची नागरिक, राष्ट्रीय किंवा करविषयक निवासी असणे आवश्यक असते.

## स्थलांतरित कुटुंबे

२०१७ पर्यंत आयटिन असलेल्या निवासी मुलासाठीही चाइल्ड टॅक्स क्रेडिट मिळत असे. २०१८ पासून मुलाला सोशल सिक्युरिटी क्रमांक अनिवार्य झाल्याने सुमारे १० लाख मुले सवलतीबाहेर गेल्याचा अंदाज आहे.

या बदलाचा परिणाम कायदेशीर व्हिसावर राहणाऱ्या कुटुंबांवरही झाला. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्या भारतीयांमध्ये मराठी भाषकांची संख्या लक्षणीय आहे. या व्हिसाधारकाला स्वतःचा सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळतो. भारतात जन्मलेली व एच-४ या अवलंबित व्हिसावर आलेली त्याची मुले मात्र त्या क्रमांकास पात्र नसतात. त्यांच्यासाठी आयटिन काढावा लागतो. परिणामी एकाच घरात भारतात जन्मलेल्या मोठ्या भावंडासाठी ५०० डॉलरचे इतर अवलंबित क्रेडिट आणि अमेरिकेत जन्मलेल्या, म्हणून नागरिक असलेल्या धाकट्या भावंडासाठी २,२०० डॉलर अशी तफावत आढळते. मोठ्या मुलाला कायम निवासाचा परवाना (ग्रीन कार्ड) मिळून सोशल सिक्युरिटी क्रमांक प्राप्त झाला की तेही पात्र ठरते. तथापि क्रमांक मिळण्यापूर्वीच्या वर्षांसाठी सुधारित विवरणपत्र भरून मागील सवलत मिळवता येत नाही.

अमेरिकेत जन्मलेले मूल वर्षातील निम्म्याहून अधिक काळ भारतात आजी-आजोबांकडे राहिल्यास वास्तव्याच्या अटीचा प्रश्न उद्भवतो. ही अनुपस्थिती तात्पुरती होती की नाही, हे प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीवरून ठरवले जाते.

## दावा करण्याची पद्धत

सवलत आपोआप मिळत नाही. त्यासाठी नमुना १०४० हे वार्षिक विवरणपत्र आणि त्यासोबत अनुसूची ८८१२ भरावी लागते. उत्पन्न कमी असल्याने विवरणपत्र भरण्याचे कायदेशीर बंधन नसलेल्या कुटुंबांनीही परताव्यासाठी ते भरणे आवश्यक असते. मुदतीत विवरणपत्र न भरलेल्या व्यक्तीला साधारणतः तीन वर्षांच्या आत ते भरून परतावा मागता येतो.

फसवणूक रोखण्यासाठी २०१५ च्या कायद्याने अतिरिक्त चाइल्ड टॅक्स क्रेडिट असलेले परतावे फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी न देण्याचे बंधन आयआरएसवर घातले. नियमांकडे बेपर्वाईने दुर्लक्ष करून दावा केल्यास २ वर्षे आणि फसवणूक सिद्ध झाल्यास १० वर्षे दावा करण्यास बंदी घातली जाते. पूर्वी दावा फेटाळला गेला असल्यास पुन्हा दावा करताना बहुधा नमुना ८८६२ जोडावा लागतो.

परताव्याची रक्कम अन्नसाहाय्य (स्नॅप) किंवा मेडिकेड यांसारख्या संघीय योजनांच्या पात्रतेसाठी उत्पन्न म्हणून धरली जात नाही. ती मिळाल्यापासून १२ महिने मालमत्ता म्हणूनही मोजली जात नाही.

## इतिहास

१९९१ मध्ये सेनेटर जे रॉकफेलर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय बालक आयोगाने प्रत्येक मुलामागे १,००० डॉलरचे पूर्णतः परतावायोग्य क्रेडिट देण्याची शिफारस केली. १९९४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने 'कॉन्ट्रॅक्ट विथ अमेरिका' या जाहीरनाम्यात प्रत्येक मुलामागे ५०० डॉलरचे क्रेडिट प्रस्तावित केले. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ५ ऑगस्ट १९९७ रोजी स्वाक्षरी केलेल्या कायद्यात ही तरतूद समाविष्ट झाली. मूळ सवलत प्रामुख्याने मध्यमवर्गीय करदात्यांसाठी होती आणि परतावा केवळ तीन वा अधिक मुलांच्या काही कुटुंबांपुरता मर्यादित होता. सर्वसाधारण परताव्याची सोय २००१ च्या कायद्याने झाली.

| करवर्ष | प्रति मूल कमाल सवलत (डॉलर) | परताव्याचे स्वरूप |
|---|---|---|
| १९९८ | ४०० | तीन वा अधिक मुलांच्या काही कुटुंबांना |
| १९९९–२००० | ५०० | वरीलप्रमाणे |
| २००१–२००२ | ६०० | १०,००० डॉलरवरील (महागाईनुसार वाढत्या) अर्जित उत्पन्नाच्या १०% |
| २००३–२०१७ | १,००० | २००४ पासून १५%. २००९ पासून ३,००० डॉलरवरील उत्पन्नावर |
| २०१८–२०२० | २,००० | २,५०० डॉलरवरील उत्पन्नाच्या १५%, कमाल १,४०० |
| २०२१ | ३,००० (सहा वर्षांखालील मुलांसाठी ३,६००) | पूर्णतः परतावायोग्य |
| २०२२–२०२४ | २,००० | १५%, कमाल अनुक्रमे १,५००, १,६०० व १,७०० |
| २०२५ | २,२०० | १५%, कमाल १,७०० |

२०१७ च्या कर कायद्याने सवलत दुप्पट केली. त्याच वेळी उत्पन्नाची वरची मर्यादा दांपत्यांसाठी १,१०,००० डॉलरवरून ४,००,००० डॉलरवर आणि एकल पालकांसाठी ७५,००० डॉलरवरून २,००,००० डॉलरवर नेण्यात आली. या तरतुदी २०२५ अखेर संपुष्टात येणार होत्या. २०२५ च्या कायद्याने त्या कायम केल्या आणि २,२०० डॉलरची रक्कम २०२५ नंतर महागाईशी जोडली.

### २०२१ मधील तात्पुरता विस्तार

कोविड-१९ महासाथीच्या काळात राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी ११ मार्च २०२१ रोजी 'अमेरिकन रेस्क्यू प्लॅन' कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याने एका वर्षापुरते तीन मोठे बदल केले. सवलतीची रक्कम वाढवून १७ वर्षांच्या मुलांचाही समावेश करण्यात आला. अर्जित उत्पन्नाची अट काढून टाकण्यात आल्याने शून्य उत्पन्नाची कुटुंबेही पूर्ण रकमेस पात्र झाली. तसेच निम्मी रक्कम जुलै ते डिसेंबर या काळात मासिक हप्त्यांनी आगाऊ देण्यात आली. सहा वर्षांखालील मुलामागे महिन्याला ३०० डॉलरपर्यंत, तर ६ ते १७ वयोगटातील मुलामागे २५० डॉलरपर्यंत रक्कम दिली गेली. पहिला हप्ता १५ जुलै २०२१ रोजी सुमारे ३.५ कोटी कुटुंबांतील जवळपास ६ कोटी मुलांसाठी देण्यात आला.

वाढीव रकमेसाठी उत्पन्नाची मर्यादा दांपत्यांना १,५०,००० डॉलर, कुटुंबप्रमुखांना १,१२,५०० डॉलर व इतरांना ७५,००० डॉलर अशी होती. आगाऊ रक्कम आधीच्या वर्षांच्या माहितीवर आधारलेली असल्याने काही कुटुंबांना जादा रक्कम मिळाली. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना अशा परतफेडीतून प्रति मूल २,००० डॉलरपर्यंत सूट होती.

हा विस्तार पुढे चालू ठेवणारे 'बिल्ड बॅक बेटर' विधेयक सेनेटर जो मँचिन यांच्या विरोधामुळे डिसेंबर २०२१ मध्ये अडले आणि मासिक हप्ते थांबले. त्यानंतर मर्यादित वाढ सुचवणारे द्विपक्षीय विधेयक ३१ जानेवारी २०२४ रोजी प्रतिनिधीगृहात ३५७ विरुद्ध ७० मतांनी संमत झाले. १ ऑगस्ट २०२४ रोजी सेनेटमध्ये त्याला चर्चा पुढे नेण्यासाठी आवश्यक ६० मते मिळाली नाहीत.

## परिणाम व वाद

अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या पूरक दारिद्र्य मापनानुसार बालदारिद्र्याचा दर २०२० मध्ये ९.७ टक्के होता. २०२१ मध्ये तो ५.२ टक्क्यांवर आला. हे मापन सुरू झाल्यापासूनचा तो नीचांक होता. विस्तार संपल्यानंतर २०२२ मध्ये हा दर १२.४ टक्क्यांवर गेला. २०२१ मधील घसरणीत महासाथीतील इतर साहाय्याचाही वाटा होता. तसेच २०२२ मधील वाढीत ते साहाय्य थांबल्याचा परिणामही समाविष्ट आहे.

अर्जित उत्पन्नाच्या अटीवर दोन मते आहेत. अटीच्या समर्थकांच्या मते सवलत कामाशी जोडलेली असावी, अन्यथा काही पालक रोजगार सोडतील. शिकागो विद्यापीठाशी संबंधित केव्हिन कॉरिंथ, ब्रूस मायर व सहकाऱ्यांनी २०२१ चे स्वरूप कायम केल्यास सुमारे १५ लाख पालक श्रमबाजारातून बाहेर पडतील, असा अंदाज मांडला. कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी प्रत्यक्ष मासिक हप्त्यांच्या काळातील आकडेवारी तपासली असता रोजगारावर लक्षणीय परिणाम आढळला नाही. पहिला अभ्यास कायमस्वरूपी योजनेविषयी, तर दुसरा सहा महिन्यांच्या अनुभवाविषयी असल्याने त्यांचे निष्कर्ष थेट एकमेकांसमोर ठेवता येत नाहीत.

अटीच्या विरोधकांच्या मते ही सवलत मुलांसाठी असताना पालकांच्या उत्पन्नामुळे सर्वाधिक गरजू मुलेच वगळली जातात. २,००० डॉलरच्या पूर्ण सवलतीस आवश्यक उत्पन्न नसलेल्या कुटुंबांत देशातील चारपैकी सुमारे एक मूल राहत असल्याचा अंदाज होता. एकल पालकांची, कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक कुटुंबांतील आणि ग्रामीण भागातील मुले यांचे प्रमाण या गटात अधिक आहे. २०२५ मध्ये सवलतीची कमाल रक्कम २०० डॉलरने वाढली. परताव्याची १,७०० डॉलरची मर्यादा व १५ टक्क्यांचे सूत्र मात्र तसेच राहिल्याने ज्या कुटुंबांना कर देय नाही त्यांना या वाढीचा लाभ झाला नाही.

## राज्यस्तरीय व इतर देशांतील योजना

काही अमेरिकन राज्यांनी स्वतःची बालक कर क्रेडिटे सुरू केली आहेत. मिनेसोटाने २०२३ पासून प्रति मूल १,७५० डॉलरपर्यंतचे परतावायोग्य क्रेडिट लागू केले असून त्यासाठी किमान अर्जित उत्पन्नाची अट नाही. उत्पन्न वाढल्यावर ते घटत जाते.

कॅनडात जुलै २०१६ पासून 'कॅनडा चाइल्ड बेनिफिट' दरमहा दिला जातो. त्यासाठी विवरणपत्र भरावे लागते, पण अर्जित उत्पन्न असण्याची अट नाही. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना त्यात सर्वाधिक रक्कम मिळते. युनायटेड किंग्डममध्ये 'चाइल्ड टॅक्स क्रेडिट' याच नावाची, परंतु वेगळ्या स्वरूपाची योजना एप्रिल २००३ मध्ये सुरू झाली. ६ एप्रिल २०१७ नंतर जन्मलेल्या तिसऱ्या व पुढील मुलांना काही अपवाद वगळता तिचा लाभ मिळत नसे. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये विलीनीकरण पूर्ण होऊन ५ एप्रिल २०२५ रोजी ती बंद झाली.

## हे सुद्धा पहा

* अर्जित उत्पन्न कर क्रेडिट
* अमेरिकेतील आयकर
* अंतर्गत महसूल सेवा
* सोशल सिक्युरिटी (अमेरिका)
* एच-१बी व्हिसा
* बालदारिद्र्य